आघाडीचे पंतप्रधान आणि शकील सर

संपादक म्हणाले, विद्यार्थ्यांनी तुमचं आयुष्य कसं समृद्ध केलं त्यावर लिहा. विद्यार्थ्यांनी माझं आयुष्य समृद्ध वगैरे केलं नाही, नोकरी टिकवली. ती कशी टिकली ते लिहिते. ते लिहायचं तर शकील सरांबद्दल लिहावं लागेल. त्या माणसाचा मला तेव्हा हेवा वाटायचा आणि आजही वाटतो. यात आता बदल होईल असं दिसत नाही.

मी पांढरकवड्याला एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. पगार सरकार देतं, पण नोकरी सोळा वर्षांची पोरं ठरवतात. अकरावीच्या प्रवेशफॉर्मवर पोरगं कोणत्या विषयापुढे खूण करतं यावर सगळं आलं. सप्टेंबरअखेरचा पट पाहून संचमान्यता होते. म्हणजे कोणत्या विषयाला किती मुलं आणि त्यांना किती शिक्षक लागतात हे वरचं कार्यालय ठरवतं. मुलं कमी भरली की शिक्षक 'अतिरिक्त' होतो. त्याने काही केलेलं नसतं, तरी स्टाफरूममधले लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागतात. मग जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे त्याला पाठवतात, आणि जागा मिळेपर्यंत पगार लोंबकळतो.

आमच्याकडे इतिहास आणि राज्यशास्त्र एकाच तासिकेला असत. पोरांना दोन्हींपैकी एकच घेता यायचं. इतिहास शकील सरांकडे, राज्यशास्त्र माझ्याकडे. खोल्या कमी, म्हणून एका मोठ्या खोलीत मधे प्लायवूड ठोकून दोन वर्ग केलेले. त्यामुळे त्यांच्या विषयाला किती पोरं आहेत हे मला पट न बघताही कळायचं. हशा ऐकू यायचा.

मला त्या हशाचा हेवा वाटायचा. ज्ञानाचा नाही. ज्ञान माझं जास्त होतं.

शकील सरांच्या वडिलांचं हायवेवर टायरचं दुकान होतं. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक तिथे थांबत. चाक निघून पंक्चर निघेपर्यंत ड्रायव्हर बाजेवर बसून बोलत. कोणी हरियाणाचा, कोणी आंध्रचा, कोणी बिहारचा. शकील सर लहानपणापासून त्यांचं ऐकत मोठे झाले. आपल्या देशात आघाडीची सरकारं का येतात, कोणत्या राज्यातला कोणता छोटा पक्ष कशावर अडून बसतो, हे मी पुस्तकं वाचून शिकले. त्यांना ते टायर काढता काढता फुकट मिळालं. याचाही मला राग होता.

आघाडीच्या पंतप्रधानांचा इतिहास शिकवणं सोपं नाही. एकाच पक्षाचं राज्य होतं तोवर पाठ करायला बरं होतं. पुढे एक पंतप्रधान लोकसभेला सामोरे न जाताच गेले. एक तेरा दिवसांत गेले. एक सरकार अवघ्या एका मताने पडलं. मधे दोघं असे झाले की ज्यांचा पाठिंबा होता ते स्वतः सरकारात नव्हते, बाहेर उभे राहून दोरी धरून होते. पोरांना वाटतं पंतप्रधान म्हणजे गावच्या पाटलासारखा, एकदा झाला की झाला. त्यांना सांगावं लागतं की तसं नसतं. सभागृहात बहुमत आहे तोवर तो पंतप्रधान. बहुमत गेलं की दुपारी चहा पीत बसलेला माणूस संध्याकाळी माजी होतो. मी फळ्यावर तीन रकाने आखायची. कोण, कोणाच्या पाठिंब्यावर, का पडले. स्वच्छ, मुद्देसूद. बोर्डाच्या परीक्षेत माझी पोरं त्यावर पूर्ण गुण घ्यायची. पण वर्गात त्यांच्या माना बाकाकडे झुकलेल्या असायच्या, आणि त्या लिहिण्यासाठी झुकलेल्या नसायच्या.

एकदा मी मंत्रिमंडळाची सामुदायिक जबाबदारी लिहून देत होते. पलीकडून शकील सरांचा आवाज आला, "अन् सरकार कायच्यानं गेलं? दोन हवालदारायनं! पाठिंबा देणाऱ्याच्या घराबाहेर उभे होते बापडे. इकडून म्हणे, आमच्यावर पाळत ठेवता? घ्या तुमचा पाठिंबा वापस!"

पलीकडे हशा झाला. आणि माझ्या वर्गातही झाला.

"काय हसता?" मी म्हटलं.

"काई नाई मॅडम."

"मग लिहा."

मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "मॅडम, ते हवालदार तिथं कायले उभे होते?"

"ते आपल्या धड्यात नाही," मी म्हणाले. म्हणताना लक्षात आलं की ते आपल्याच धड्यात आहे. इतिहासाच्या धड्यात नाही. त्यांचा अभ्यासक्रम स्वातंत्र्याआधीच संपत होता.

मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. "सर, तुमचं पुस्तक महायुद्धाशी संपतं. तुम्ही आघाडी सरकारांत काय करता?"

ते डबा उघडत होते. "मॅडम, हिटलर एकटा होता. एकट्याचं राज्य पोट्ट्यांले लवकर समजते. धा जणायचं राज्य कसं चालते ते बी समजलं पाह्यजे ना."

"ते समजावणं माझं काम आहे."

"तं समजावा ना. मी तं फक्त हसवून राह्यलो." आणि डबा माझ्यापुढे सरकवला. त्यांच्या आईच्या हातचे कबाब होते. मी खात नाही म्हणून त्यांनी बाजूला चटणी वेगळी आणली होती. अशा माणसाशी नीट भांडताही येत नाही.

ही कापसाच्या वाईट दिवसांतली गोष्ट. त्या वर्षांत आमच्या भागात गाड्या फार यायच्या. वार्ताहर, समित्या, मंत्री. पंतप्रधानही विदर्भात येऊन गेले. त्यानंतर माझ्या वर्गातल्या एका पोराने विचारलं, "मॅडम, हे लोकसभेत निवडून आले नाई म्हणते, मंग पंतप्रधान कसे?" मी राज्यसभा समजावली, पाठिंब्याची पत्रं समजावली, राष्ट्रपतींनी कोणाला बोलवायचं ते समजावलं. पोरगं म्हणालं, "म्हणजे बाकीच्यायनं हो म्हटलं म्हणून?" म्हटलं, हो. "अन् उद्या नाई म्हटलं तं?" म्हटलं, तर नाही. त्याला माझं उत्तर पुरलं नसावं. तास संपल्यावर तो पलीकडे जाऊन शकील सरांना तेच विचारत होता.

पोरांचे प्रवेशही घटले होते. काही जण नागपूरला कामाला गेले, मुलींची लग्नं लवकर उरकली. माझ्या विषयाची मुलं तर फारच उतरली. आमचे कारकून देवरावभाऊ हिशेबाचे पक्के. त्यांनी मला व्हरांड्यात थांबवलं.

"मॅडम, आवंदा कसंबसं निभलं. पुढच्या साली पट असाच राह्यला तं तुमचं कठीण हाय."

"कुठे टाकतील?"

"रिकामी जागा महागावले हाय म्हणते."

महागाव म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. सासूबाई लकव्याने अंथरुणावर. नवऱ्याची शेती कापसाची, आणि त्या वर्षांत कापसावर घर चालत नव्हतं, माझ्या पगारावर चालत होतं. रात्री नवरा म्हणाला, "तू महागावले गेली तं आईले कोण पाहीन?" मी म्हणाले, "पाहू." हे उत्तर नव्हतं हे दोघांनाही माहीत होतं. त्या वर्षी मला अतिरिक्त व्हायचं नव्हतं. इतकंच हवं होतं.

डिसेंबरात प्राचार्यांनी टूम काढली की स्नेहसंमेलनात अभिरूप संसद करायची. पोरंच खासदार, पोरंच मंत्री. आनंद झाला मला. हे तर सरळ माझं काम. प्राचार्य म्हणाले, "उत्तम. नियम गावंडे मॅडम पाहतील, आणि लिहिणं, बसवणं शकील सर. म्हणजे मजा येईल." म्हणजे मी असेन तिथे मजा येणार नाही, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं.

शकील सरांनी चांगलं लिहिलं. खोटं कशाला बोलू? लोकसभा त्रिशंकू, सरकार आघाडीचं. पंतप्रधान झाला प्रफुल्ल. दिसायला उंच, आवाज मोठा, आणि आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचा पुतण्या. अध्यक्षांची जिनिंग होती, म्हणजे गावचा कापूस तेच विकत घ्यायचे. सभापती झाली शबाना. सरकार ज्या छोट्या पक्षाच्या आधारावर होतं त्याला शकील सरांनी नाव दिलं 'वेचणी पक्ष'. त्यात वसतिगृहातल्या चार मुली. नेता विमल टेकाम. रविवारी या मुली खरोखरच कापूस वेचायला जायच्या, म्हणून नाव. त्या चौघींना ते फार आवडलं.

लिहिलेलं असं होतं. विश्वासदर्शक ठराव येतो. विमल उठते आणि विचारते, "कापसाला भाव कधी देता?" पंतप्रधान म्हणतो, "याच अधिवेशनात विधेयक आणतो." विमल म्हणते, "मग आमचा पाठिंबा कायम." सरकार एका मताने वाचतं, टाळ्या, राष्ट्रगीत. विमल माझ्या वर्गातली. तालमीत तिने एकदाच विचारलं, "मॅडम, ह्यानं विधेयकाचं नाईच म्हटलं तं आमी काय करू शकतो?"

"पाठिंबा काढून घेऊ शकता."

"खरोखर?"

"खरोखर. घटनेत काही आडवं येत नाही."

तिने मान हलवली आणि जागेवर जाऊन बसली.

संमेलनाच्या दिवशी भारनियमन होतं, म्हणून जनरेटर भाड्याने आणलेला. संसद अर्ध्यात आली तेव्हा डिझेल संपत आलं. शकील सर डबा घेऊन हायवेच्या पंपावर गेले. मी सभापतीच्या खुर्चीमागे पडद्याआड, नियम सांगायला. पुढच्या रांगेत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, गावातले व्यापारी. त्यांच्या मागे आमच्याच संस्थेच्या शाळेचा दहावीचा अख्खा वर्ग सतरंजीवर बसलेला.

विमल उठली. "पंतप्रधान महोदय, कापसाला भाव कधी देता?"

प्रफुल्लने समोर पाहिलं. समोर काका बसलेले. त्याने वाक्य गिळलं आणि थेट पुढच्या भाषणाला हात घातला, "आपला देश आज प्रगतीच्या वाटेवर..."

विमल बसली नाही. "महोदय, मी भाव इचारला."

"...विज्ञानाच्या क्षेत्रात..."

"भाव."

प्रफुल्लने तोंड वळवून म्हटलं, "बस ना व खाली!" तो हळू म्हणाला होता, पण माईक समोर होता. सतरंजीवरची दहावी हसून हसून लोळायला लागली.

विमलने पदर खोचावा तशी ओढणी खोचली. "तं मंग वेचणी पक्षानं पाठिंबा काढला." आणि चौघी उठल्या. विरोधी बाकांकडे जागा नव्हती, तर आपापल्या खुर्च्या उचलून पंतप्रधानाच्या पुढून पलीकडे गेल्या आणि खुर्च्या मांडून बसल्या.

शबानाने मागे मान वळवली. "मॅडम, हे कागदात नाई. आता काय करू?"

पुढच्या रांगेतून प्राचार्य मला हाताने खुणावत होते, पडदा पाडा. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर काय आहे ते मला दिसत नव्हतं. मला महागाव दिसत होतं. पण सभापतीने विचारलं तर उत्तर एकच असतं.

"मतदान घे," मी म्हणाले.

शबानाने मतदान घेतलं. हात मोजले. परत मोजले. मग माईकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "सरकार पडलेलं आहे." दहावीच्या पोरांनी असा आवाज केला की जनरेटरचा आवाज ऐकू येईना. प्रफुल्ल पंतप्रधानाच्या खुर्चीत तसाच बसून होता. शबाना त्याला म्हणाली, "उठा. तुमी आता माजी हाय."

नेमके तेव्हा शकील सर डिझेलचा डबा घेऊन फाटकातून आत आले.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष उठून त्यांच्याकडेच गेले. मी दोन पावलांवर. मला वाटलं आता सगळं संपलं. अध्यक्षांनी सरांच्या पाठीवर थाप मारली. "शकील सर, पोरींनी खुर्च्या उचलून नेल्या! काय सुचतं हो तुम्हाला!"

"भाऊसाहेब, मी तं इथं नव्हतोच," सर म्हणाले. "डिझेल आणाले गेलतो."

"वा! वरून विनय बघा."

"खरंच नव्हतो. मॅडमले इचारा. मतदान मॅडमनं घ्याले लावलं."

"हो हो, मॅडमचीही मेहनत असेलच," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले. मग पुतण्याला म्हणाले, "काय रे, पडला ना?" आणि परत शकील सरांकडे वळले. विमलला कोणी रागावलं नाही, कारण तिने काही केलं असेल असं कोणाच्या मनातच आलं नाही. सगळ्यांना वाटलं, हे असंच लिहिलेलं होतं. इतकं चांगलं नाटक त्यांनी आधी पाहिलं नव्हतं.

मी घरी जाऊन सासूबाईंना भरवलं. नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?" म्हटलं, "सर्वांना आवडलं. शकील सरांनी छान बसवलं."

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. चौथ्या की पाचव्या दिवशी देवरावभाऊ धावत आले. "मॅडम, काय जादू केली? पोट्टे सारे तुमच्याकडं येऊन राह्यले. फारमावर नुसतं राज्यशास्त्र, राज्यशास्त्र."

मी प्रवेशाच्या टेबलाकडे गेले. तिथे शकील सर बसले होते. सतरंजीवर हसून लोळणारी दहावी आता फॉर्म घेऊन रांगेत उभी होती. एक पोरगा विचारत होता, "सर, ते सरकार पाडाचं कोणत्या विषयात हाय?"

"राज्यशास्त्रात."

"तुमच्या नाई?"

"नाई रे बाबा. माह्या विषयात लढाया हायेत. पंतप्रधान सारे मॅडमच्या पुस्तकात."

पोराने खूण केली आणि गेला. मागच्यानेही तीच केली.

रांग संपल्यावर मी म्हणाले, "सर, तुम्ही हे काय करताय? तुमच्याकडे कोण उरेल?"

"पोट्ट्यानं इचारलं कोणत्या पुस्तकात हाय, तं खोटं सांगू काय?"

"महागावची जागा आहे. देवरावभाऊंनी सांगितलं नाही का?"

"सांगितलं." ते फॉर्मचा गठ्ठा सारखा करत होते. "माहं घर हायवेवर हाय मॅडम. टरक भेटते मले. तुमच्या सासूबाईले टरकात थोडीच नेता येते."

मला आनंद झाला होता, आणि तो लपत नव्हता. नोकरी राहिली, घर राहिलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आम्हा दोघांपैकी एकाला जावंच लागणार होतं आणि मी जायला तयार नव्हते. पण माझी जागा मला माझ्या शिकवण्याने मिळाली नाही. माझ्याच धड्याच्या त्यांनी केलेल्या मजेने मिळाली. आणि वर त्यांना ती द्यायला काही वाटलंसुद्धा नाही. उदार माणसाचा हेवा करणं सगळ्यात कठीण. तो तुम्हाला वाईट वागायला जागाच ठेवत नाही.

दिवाळीनंतर शकील सरांच्या महागावच्या बदलीचा आदेश आला. स्टाफने शाल-नारळ दिलं. सर भाषणात म्हणाले, "मॅडमचं सरकार मी बाहेरून टिकवलं, अन् त्यात माहंच पडलं. आघाडीत असं होते." सगळे हसले. मग पोरं रडायला लागली. मुलींनी तर गेटपर्यंत ओढण्या तोंडाला लावल्या होत्या. मी तिथल्या तिथे विचार केला, माझी बदली झाली असती तर इतकी पोरं रडली असती का? नसती रडली. हजेरी लवकर संपली म्हणून खूश झाली असती.

बारावीच्या इतिहासाला तासिकेवर एक माणूस ठेवला. अकरावीची उरलेली मुलं माझ्या वर्गात पाठवली. दुसऱ्या दिवशी ती दप्तरं घेऊन दाराशी उभी राहिली. मी म्हटलं, या, बसा. बाकांवर आधीच दाटीवाटी होती, तरी पोरं सरकली.

एका मुलीने हात वर केला. "मॅडम, सर तं गेले. आता ते सरकार पाडाचं कोण शिकवीन?"

"मी शिकवीन."

"पण ते तं सरांचं होतं."

मी खडू खाली ठेवला. "सरांचं नव्हतं. सर डिझेल आणायला गेले होते. ते सरकार मी पाडलं."

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. एकाही चेहऱ्यावर विश्वास दिसेना. मग मागून एक पोरगा शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, पण मला ऐकू आलं, "मॅडमले मजाक जमत नाई, तरी करून राह्यल्या."

मी हजेरी घेतली. वेचणीचे दिवस होते, तरी सगळे हजर होते.